सेटल्ड

देवपुरातल्या एक्स-रे सेंटरवर मी रोज
चाळीस-पन्नास जणांची हाडं काढतो.
श्वास घ्या. धरा. सोडा.
लोक फिल्म ट्यूबलाइटसमोर धरतात
आणि माझा चेहरा वाचतात.
मी म्हणतो, रिपोर्ट डॉक्टर सांगतील.

गेल्या पौषात बोरसे मॅडमनी
स्क्रीन वळवून
माझा रिपोर्ट मला दाखवला.
पाचशे अठ्ठ्याण्णव.
वलवाडीच्या वन बीएचकेचा नकाशा
मांडीवर गुंडाळलेलाच राहिला.

आठ वर्षांपूर्वीची एक ओळ होती.
टीव्ही, बेचाळीस इंची,
नाशिकला नोकरी असताना हप्त्यावर घेतलेला.
मग हॉस्पिटललाच कुलूप, मग फोन,
रोज वेगळा नंबर, तोच आवाज.
शेवटी एक जण म्हणाला, नऊ हजार टाका, मिटवून टाकू.
मिटवलं.
त्या दिवशी मी पाव किलो जिलेबी आणली होती.

मॅडमचं बोट नेमकं त्या शब्दावर: सेटल्ड.
"म्हणजे तडजोड. फेडलं नाही तुम्ही, भामरे."

आणि घरी आई आठ वर्षं विचारतेय,
"कवय व्हशी रे सेटल?"
काय सांगू, माय,
कागदोपत्री मी केव्हाच झालोय.

खाली आणखी एक ओळ: मोटारसायकल, तीन हप्ते थकीत.
माझ्याकडे सासऱ्यांची जुनी स्कूटी.
खोदल्यावर निघाला शिरपूरकडचा कुणी
हिंमत लोटन भामरे,
बापाचं नावही तेच,
जन्मतारखेत एका आकड्याचा फरक.
तक्रार टाकली. तीस दिवस थांबा म्हणाले.
तीस दिवस मी त्या माणसाबरोबर राहिलो.
पंपावर नवी गाडी दिसली की वाटायचं, हाच का?
एकदा वाटलं विचारावं,
काय रे भाऊ, कुठे अडलंय तुझं?
एकतिसाव्या दिवशी तो माझ्यातून निघून गेला,
आपले हप्ते घेऊन.
जागृती म्हणाली, चला, एक पाहुणा गेला.
मला मात्र दोन दिवस चुकल्यासारखं झालं.

टीव्हीवाल्या कंपनीने माझं कर्ज दुसरीला विकलेलं,
दुसरीने तिसरीला.
आधी ते माझ्या मागे होते,
आता चौदा हजार तीनशे ऐंशी
घ्या हो, घ्या, म्हणत
मी चार महिने त्यांच्या मागे.
टीव्ही तर कधीच भंगारात गेला.
पैसे भरताना फक्त आठवली
शेवटी पडद्यावर उरलेली
ती एक उभी निळी रेघ.

मग दहा हजारांच्या ठेवीवर एक कार्ड.
महिन्याला तीनशेचं पेट्रोल, बाकी काही नाही,
पाच तारखेला भरणा,
जेवणानंतरच्या गोळीसारखा.
सहाशे बारा. सहाशे चाळीस.
मे महिन्यात पांझरेत नुसते खडक,
आमचं मशीन दुपारी तापून बंद पडायचं,
तेव्हा आकडा चारने खाली.
का, ते कुणालाच सांगता येईना.

हाड जुळतं तेव्हा तिथे आधी गाठ धरते,
ढगाळ, पांढुरकी.
प्लास्टर निघाल्यावरही कितीतरी महिने दिसते फिल्मवर.
लोक घाबरतात.
एवढं एकच मी डॉक्टरांना न विचारता सांगतो:
असू द्या ती.

काल सातशे एकतीस.
बोरसे मॅडमची बदली झालीय नंदुरबारला.
नवे साहेब म्हणाले, अर्ज परत करा,
कागद सगळे पुन्हा आणा.
पण त्या ओळीतला शब्द बदललाय: क्लोज्ड.
आईला वाचून दाखवला.
बंद, माय. खातं बंद.

तिने सोलायचा लसूण बाजूला ठेवला.
"दिवा लावाना टाइमले बंद म्हनू नई,"
म्हणाली, आणि उठून
भाड्याच्या घराचं दार
सताड उघडलं.